गिरणीचं दार

"अहो काकू, उसवताय काय!" मास्तरीणबाईंनी तिचा हातच धरला. "उद्या कापड हॉलमध्ये टांगायचंय!"

"दार उघडं भरलंय," काकू म्हणाली.

गावाचा इतिहास कापडावर भरायचं बायकांचं काम वर्षभर चाललं होतं. पूल झाला, शाळा झाली, शेवटी गिरणीची आग. रात्रपाळीच्या पोरी त्या आगीत गेल्या. दाराला बाहेरून कुलूप होतं आणि ते लावणारा वॉचमन म्हणजे काकूचा नवरा, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून तर काकूला वर्षभर नुसती किनार भरायला दिली. बायका भल्याच हो, पण अशा भलेपणाचाही वैताग येतो.

"तुमच्याकडे बघूनच उघडं ठेवलं," मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या. "कशाला खपली काढायची?"

"बाई, दार उघडं असतं तर पोरी आत मेल्या असत्या का? उद्या बघणारे म्हणतील, मेल्यांना पळताही आलं नाही!"

मास्तरीणबाईंनी हात सोडला.

सकाळी घरीही यावरूनच वाजलं होतं. "बाबांनी मालकाचा हुकूम पाळला," लेक ओरडला होता. "त्यांची अब्रू भिंतीवर टांगणार असशील, तर मला मुलगा म्हणू नकोस." आणि भरल्या ताटावरून उठून गेला. एकुलता एक लेक. काकूचा जीव तुटत होता. नवऱ्यावरही तिचा जीव होता. आगीनंतर तो बिचारा शेवटपर्यंत झोपेत दचकून उठायचा, किल्ली शोधायचा.

तरी तिने उघडं दार उसवलं आणि काळ्या दोऱ्याने बंद भरलं.

मग कोपऱ्यातून शिवणवाली उठली. तिची थोरली लेक त्या रात्री आत होती. तेव्हापासून ती काकूशी बोलली नव्हती. रस्त्यात काकू दिसली की पलीकडून जायची. आता ती सरळ काकूपाशी आली.

शिवणवालीने वाकून दारावरून बोट फिरवलं.

"कुलूप राहिलं," ती म्हणाली.

काकूने सुई पुढे केली. "तुम्ही भरता?"

"मी नाही. तू भर."

काकूने नवा दोरा घेतला, पण तो काही केल्या नेढ्यात जाईना. शिवणवालीने मदत केली नाही, पण ती तिथून हललीही नाही. अखेर दोरा ओवला गेला, तेव्हा शिवणवालीने कापडाची कड दोन्ही हातांनी ताणून धरली.