जंतूची भावकी

धडधाकट सुनेने चुलीकडे पाठ फिरवावी, ही कुठली रीत? कौसाबाई बुवापाड्यात भेटेल तिला हेच ऐकवत होत्या. धाकटी सून कुंदा बुद्धपौर्णिमेपासून भाजी चिरून द्यायची, भांडी घासायची, पण शिजवायचं म्हटलं की मागे सरायची.

कारण गल्लीला ठाऊक होतं. पौर्णिमेला विहारातली खीर यंदा कुंदाने केली आणि दोनच दिवसांत घरोघरी उलट्या-जुलाब. बायका खिरीचं नाव घेऊ लागल्या. कौसाबाई त्यांच्याशी कडाकडा भांडल्या. घरी येऊन मात्र सुनेला एवढंच विचारलं, दूध नीट तापवलं होतंस ना? तेवढ्यानंच तिचं मन मोडलं.

थोरल्या लेकीची मीनल मुंबईला लॅबमध्ये कामाला. आजाऱ्यांकडे डब्या देऊन ती जुलाबाचे नमुने मागत फिरली, तेव्हा कौसाबाईंनी नाकाला पदर लावला. यासाठी शिकवली होती का हिला?

महिन्याभराने मीनल परत आली. म्हणाली, हा नोरो नावाचा विषाणू. त्याचे गट असतात, गटात पोटप्रकार असतात, जनुकं वाचली की कोण कुणाच्या जवळचा ते कळतं.

कौसाबाई फणकारल्या. "आडनाव विचारून माणूस जोखणं आम्ही छप्पन्न साली सोडलं, आणि तू जंतूचं कूळ काढत बसलीस?"

"कूळ काढलं म्हणून तर मामी सुटली, आजी."

शेजारच्या मोरिवलीत पौर्णिमेच्याच दिवशी एक लग्न होतं, तिथे जेवलेली माणसंही अशीच आजारी पडली होती. त्यांचा विषाणू आणि बुवापाड्याचा, दोन्ही एकाच शाखेचे निघाले, अगदी सख्खे भाऊ. कुंदाची खीर काही मोरिवलीला गेली नव्हती. दोन्हीकडे पोचला होता तो एकाच हातगाडीवरचा बर्फ, लग्नातल्या आणि विहारातल्या सरबतात घातलेला.

कौसाबाईंनी मीनलला ते पुन्हा सांगायला लावलं. भावकी कशी एकमेकांवर जाते, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. मग त्या उठल्या, मोरीवर भांडी घासणाऱ्या कुंदाचा ओला हात धरला आणि तिला थेट विहारात नेलं. तिथे बायका तांदूळ निवडत होत्या. मोरिवलीची हकिकत कौसाबाईंनी त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवली. कुणी मान वर करेना. कुंदाचे डोळे भरून आले. सासूने तिचा हात काही सोडला नाही.

"रडतेस कशाला? खिरीत साखर थोडी जास्त झाली होती, तेवढाच तुझा गुन्हा. बाकी सगळं त्या बर्फाचं."