पपईचा चीक आणि काचेची कांडी

मित्रांनो, मी एक जुनी काचकांडी आहे, आणि फार भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्ही हसलात तरी मला वाईट वाटणार नाही. भीती आम्हा काचेच्या जातीला जन्मापासूनच चिकटलेली असते. लोखंड पडले तर आवाज होतो, लाकूड पडले तर टवका उडतो, आम्ही पडलो तर थेट केरात जातो.

माझा जन्म तळेगावच्या बाजूला एका काचेच्या भट्टीत झाला. वितळलेल्या काचेचा लालभडक गोळा दोघा कारागिरांनी दोन बाजूंनी धरला आणि ते एकमेकांपासून दूर चालत गेले. मध्ये जी कांब ताणली गेली, तिचे तुकडे केले. त्यातली एक मी. माझी दोन्ही टोके पुन्हा ज्योतीत धरून गोल केली, कारण धारदार टोकाची कांडी भांड्याला ओरखडे पाडते आणि हाताला टोचते. मग भाताच्या पेंढ्यात गुंडाळून मला गाडीने पिंपरीला आणले. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला मी मनात म्हणत होते, संपले आपले आयुष्य.

ही गोष्ट एकोणीसशे पंचावन्न-छप्पन सालच्या सुमाराची. पिंपरीच्या माळावर तेव्हा कारखान्यांचे पत्रे नुकते चमकायला लागले होते. रुळांच्या अलीकडे एक छोटासा औषधांचा कारखाना होता. त्याच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. तिला सगळे प्रयोगशाळा म्हणत. तिथे दोघीजणी काम करत. एक इंदुताई, रसायनशास्त्र शिकलेल्या, झपझप चालणाऱ्या, कामात असल्या की हाक मारली तरी ऐकू न येणाऱ्या. दुसरी कुशाबाई. ती पवना नदीपलीकडच्या थेरगावची. काचेची भांडी धुणे आणि उकळणे हे तिचे काम.

कुशाबाईचे हात मला फार आवडत. मला ती दोन्ही तळव्यांत धरून हलकेच फिरवायची, पोळपाटावर लाटणे फिरवावे तशी. आणि धुताना आमच्याशी बोलायची. नवऱ्याला, सोनबाला, न सांगता येण्यासारखे आणि सासूला, तानाबाईला, तर मुळीच न सांगता येण्यासारखे असे सगळे ती आम्हाला सांगे. काचेची भांडी ऐकून घेतात आणि कुणाला सांगत नाहीत, हे तिने ओळखले होते.

आता आमचे काम सांगते. इंदुताई कोकराच्या गळ्याजवळची एक मऊ गाठ खाटकाकडून बर्फात आणवत. ती कुटून, खारट पाण्यात कालवून ठेवत. जिवंत अंगाच्या प्रत्येक पेशीत एक अतिशय बारीक, लांब धागा असतो. तुम्ही त्याला आज डीएनए म्हणता. तो धागा त्यांना हवा असे. पण त्याच्या भोवती प्रथिनांचा चिकट गराडा असतो. तो काढायचा कसा? त्याला उपाय होता हिरव्या पपईचा चीक. त्या चिकात प्रथिने पचवणारे विकर, म्हणजे एन्झाइम, असते. इंदुताई सकाळी चीक पाण्यात कालवून, गाळून बाटलीत भरत आणि दुपारी त्या कालवणात घालून मंद उबेवर ठेवत. गराडा हळूहळू पचून जाई. मग कडेकडेने गार स्पिरिट ओतायचे, आणि मला आत सोडून हलक्या हाताने फिरवायचे. पांढरे शुभ्र, लांबच लांब तंतू माझ्या अंगाला गुंडाळले जात. इंदुताई श्वास रोखून बघत आणि पुटपुटत, "शाबास गं बाई." ते स्वतःला म्हणत की मला, कोण जाणे. मी ते माझ्याच नावावर जमा करून घेतले होते.

पण मित्रांनो, तो चीक मला पहिल्या दिवसापासून भेसूर वाटायचा. सकाळी भांड्यात मांस दिसे, संध्याकाळी नुसते पाणी. कुणी चावले नाही, कुणी शिजवले नाही. मी काचेची, मला तो काही करणार नव्हता. तरी मी त्यात उतरताना थरथरत असे.

कुशाबाई तर मांसाची होती.

चीक आणून देणारा गेनबा माळी थेरगावचाच. पहाटे तो झाडावरच्या हिरव्या पपयांना पात्याने उभे चरे पाडी आणि ठिबकलेला चीक चिनी मातीच्या बशीत धरी. त्याच्या बोटांची कातडी कायम सोललेली, लालबुंद. एकदा कुशाबाईने ती बोटे पाहिली आणि माझ्यावरचा तिचा हात गार पडला.

त्या दिवशी भांडी धुताना ती अगदी हळू बोलली. तिला दिवस गेले होते. याआधी दोनदा गेले होते आणि दोन्ही वेळा पोटातले राहिले नव्हते. दोन्ही वेळा तिने आनंदाच्या भरात लवकर सांगून टाकले होते, आणि तानाबाईने पक्के ठरवले होते की नजर लागली ती त्यामुळेच. "औंदा पाचवा लागंस्तवर तोंडातून शबूद काढायचा न्हाई," अशी सासूची ताकीद होती. सून काचेची भांडी धुते एवढेच तानाबाईला ठाऊक. त्या भांड्यांत काय असते ते कुशाबाईने घरी कधी सांगितलेच नव्हते.

आणि तिच्यापुढे पेच पडला तो इथेच. हिरव्या पपईला पोटुशी बाई शिवत नाही, हे मावळात शेंबड्या पोरालाही माहीत. आता कुशाबाई जर म्हणाली, मी या बाटलीला हात लावणार नाही, तर ऐकणारा लगेच हसून विचारणार, कितवा महिना? काम सोडले तरी गाव तेच विचारणार. म्हणजे चिकाला शिवले तर पोटातल्या जिवाला धोका, आणि न शिवले तरी धोकाच.

"जत्रंत म्हाताऱ्या बोकडाचं मटान शिजंना, तर पपईची फोड टाकत्यात," ती मला पुसता पुसता म्हणाली. "दगडावानी मटान लोन्यावानी व्हतं. मग माज्या पोटात तर कवळा जीव हाय गं."

मग मला कांड्यांच्या लाकडी घोडीवर उभे करून ती पुढच्या भांड्याकडे वळली.

पुढच्याच आठवड्यात एका फुटक्या चंचुपात्राने तिचे बोट कापले आणि त्याच बोटाला बाटलीच्या तोंडाशी सांडलेला चीक लागला. जखम पेटल्यासारखी झाली. दोन दिवसांत भोवतीची कातडी सोलून आली. कुशाबाई ते बोट पदरात लपवून काम करू लागली. रोज मोरीत येऊन ती आधी पोटावर हात ठेवून उभी राहायची, काहीतरी चाहूल घ्यायची, आणि मग नळ सोडायची. तिच्या हाताचा कंप मला माझ्या अंगात जाणवायचा. ती मला पाडेल ही भीती होतीच, खोटे कशाला बोलू. पण तिच्या भीतीपुढे माझी भीती मला हळूहळू लहान वाटू लागली होती.

मग तिला एक युक्ती सुचली. तानाबाई हिरव्या पपईची भाजी करायची, आणि शिजली की तिच्यातला दोष जातो असे म्हणायची. दुपारी इंदुताई जेवायला गेल्या की कुशाबाई चिकाची बाटली उचलायची आणि आमच्याच उकळत्या पातेल्यात उभी करायची. पाणी खदखदत असे. मी त्याच पातेल्यात आडवी पडलेली असे आणि बाटलीकडे बघत असे. चांगली खळखळून उकळी आली की ती बाटली काढायची, माठातल्या पाण्यात गार करायची आणि जागेवर ठेवायची. रंग तसाच गढूळ, कुणाला काय कळणार? तिच्या तोंडावर त्या वेळी जरा धीर दिसे. मला मात्र पुढचे दिसत होते. उकळलेले विकर मेलेले असते. ते काहीच पचवत नाही.

तसेच झाले. इंदुताईंनी स्पिरिट ओतले, मला फिरवले, आणि माझ्या अंगाला तंतू आलेच नाहीत. फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्या आल्या. त्यांनी पुन्हा केले. पुन्हा गुठळ्या. खाटकाला बोलणी बसली, बर्फवाल्याला बसली, मला तर त्यांनी सोड्याने घासघासून धुतले, जणू मीच काही केले होते. हा प्रकार बरेच दिवस चालला. इंदुताईंचा चेहरा ओढला गेला. शेवटी त्यांचा संशय गेला गेनबावर.

गेनबाला खोलीत बोलावले. कुशाबाई मोरीत होती आणि मी तिच्या हातात.

"गेनबा, खरं सांगा," इंदुताई म्हणाल्या, "चिकात कांजी मिसळता ना? पूर्वीचा गुण राहिला नाही त्यात."

गेनबाने दोन्ही हात पुढे केले. "बाईसाहेब, कांजीनं ही बोटं अशी सोलतील व्हय? बघा की. घरात भाकरी मोडता येत न्हाई मला, मालकीण भरवती. आन् तुमी भेसळ म्हंता?"

"मग गुण गेला कुठं? उद्यापासून चीक आणू नका. दुसरीकडून बघते मी. आणि का बंद केला ते मालकांना सांगावं लागेल."

"सांगा," गेनबा म्हणाला. "गावात त्वांड दावायचं कसं, तेवडं बी सांगा."

माझ्यावरचे तळवे थांबले. कुशाबाईचा श्वास मला ऐकू येत होता. बोलावे तर पोटातल्याचे काय होईल? गप्प राहावे तर बापाच्या वयाचा माणूस चोर ठरून गावात जाणार, आणि तोही तिच्याच गावात. मित्रांनो, त्या क्षणाइतकी मी कधी घाबरले नाही. भट्टीतसुद्धा नाही. तिचे हात इतके थरथरू लागले की मी निसटले. मोरीच्या दगडी काठावर आदळले आणि माझे दोन तुकडे झाले.

आवाजाने दोघेही दाराशी आले. इंदुताई काही म्हणणार, तोच कुशाबाईने पदर तोंडावर घेतला आणि ती बोलली.

"गेनबातात्यांनी काय बी न्हाई केलं ताई. म्या केलंय. म्या बाटली उकळत व्हते. रोज. मला दिवस हायती."

गेनबाने मान खाली घातली आणि तो बाहेर जाऊन ओट्यावर बसला. ही बायकांची बोलणी आहेत हे त्याला समजले होते. कुशाबाईने रडत रडत सगळे सांगितले. आधीची दोन, सासूची ताकीद, बोकडाचे मटण, कापलेले बोट. ते बोटही तिने पुढे केले.

इंदुताई मोरीच्या ओल्या फरशीवर तशाच खाली बसल्या. मला वाटले, आता कडाडतील. पण त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"इतके दिवस तू हे धुतेस, आणि या बाटलीत काय आहे ते मी तुला एकदासुद्धा सांगितलं नाही, कुशाबाई."

"माज्या बाळाला काय व्हईल का ताई? खरं सांगा."

"बोटाला लागून पोटात जातं असं मी कुठं वाचलेलं नाही. पण शपथेवर सांगण्याइतकं मला ठाऊक नाही, आणि खोटा धीर मी देणार नाही. आजपासून तू चिकाला शिवायचं नाहीस. तो मी धुईन. का, ते कुणी विचारलं तर मी सांगेन की मला तुझं धुणं पसंत नाही. चालेल?"

कुशाबाई रडता रडता हसली. मग इंदुताई बाहेर ओट्यावर गेल्या आणि गेनबासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. त्यांनी कारखान्यातून त्याला रबरी हातमोजे आणून दिले. ते त्याला ढगळ होत. ते घालून तो झाडाखाली उभा राहिला की पोरे त्याला डॉक्टर म्हणून चिडवत.

न उकळलेल्या चिकाने दुसऱ्याच दिवशी काम केले. इंदुताईंनी माझा मोठा तुकडा उचलला होता आणि तुटलेले टोक ज्योतीत धरून पुन्हा गोल केले होते. त्याच तुकड्यावर, म्हणजे माझ्यावर, तंतू गुंडाळले गेले. कुशाबाई दारातूनच बघत होती, नाकाला पदर लावून.

"चिकानं सगळं पचवलं," इंदुताई म्हणाल्या, "पण हे त्याला पचवता येत नाही. आईचा रंग, बापाचं नाक, सगळं यातूनच लेकरात उतरतं, असं आता मोठे शास्त्रज्ञ म्हणतात."

कुशाबाईने दारातूनच मान पुढे काढली. "एवडंसं सूत," ती म्हणाली. "आन् टिकलं की."

तिची भीती गेली असे मात्र समजू नका. पोट दिसू लागले तसे तिने भांडी धुताना बोलणे बंद केले. मग एक दिवस ती यायची थांबली. तिच्या जागी कुणी रुक्मिणीबाई आली, घाईची, आम्हाला फळीवर आपटत ठेवणारी. कुशाबाईचे काय झाले हे आम्हाला कोण सांगणार? पाऊस आला, पवनेला पाणी चढले, थेरगावची वाट बंद झाली. मी माझ्या घोडीवर उभी राहून रोज दाराकडे बघत होते आणि वाईट तेच मनात येत होते.

पाणी उतरल्यावर एका सकाळी दारात एक अनोळखी, खणखणीत आवाज आला. "कोन ती पपईवाली बाई?"

तानाबाई होती. काखेत पिकलेली पपई, मागे कुशाबाई, आणि कुशाबाईच्या हातात गोधडीत गुंडाळलेले गाठोडे. मुलगी झाली होती. नाव रंभा. तानाबाईने पपई टेबलावर ठेवली. "गेनबानं दिलीया. पिकल्याली हाय, भिऊ नगा, खावा," असे म्हणून तीच आधी हसली.

इंदुताई बाळाला काय दाखवावे या गोंधळात पडल्या. त्यांच्या खोलीत खेळणे कुठले? त्यांनी मला उचलले, स्वच्छ पुसले आणि बाळापुढे धरले. रंभाने माझे ते तुटके टोक मुठीत घट्ट धरले. मी भ्याले, सवयीने. मी तिला टोचेन का, कापेन का? पण टोक गोल होते. ती मूठ उबदार होती आणि ती मला सोडायला तयार नव्हती. कुशाबाई रडत होती, आणि या वेळी तिचे हात थरथरत नव्हते.

पुढे ती खोली बंद झाली. मी फिरत फिरत थेरगावच्या एका शाळेच्या कपाटात आले. आता माझ्यावर धूळ असते. कधी कुणी मला टेबलावर आपटून तबला वाजवतो आणि माझा जीव खालीवर होतो. तेवढे करू नका, एवढी विनंती आहे. आणि आणखी एक. हातात येणाऱ्या बाटलीत काय आहे ते विचारायला लाजू नका, आणि ज्याला ठाऊक आहे त्याने विचारायची वाट बघू नये. भीती मनातल्या मनात उकळत ठेवली की ती भलत्याच माणसावर सांडते, हे मी पाहिले आहे.

आणि कपाट उघडलेत तर मला हातात घ्या. माझे एक टोक दुसऱ्यापेक्षा जरा वाकडे आहे. मी तुटले होते ते तिथेच. बोट लावून बघा. टोचणार नाही.