दार सुताराकडे होतं

बेलिफाने निदान हाक तरी मारायला हवी होती, हे आक्कांचं म्हणणं. गल्लीत परका माणूस शिरला की आधी कुत्रं भुंकतं, मग आक्का विचारतात, "कोण रे?" आणि हा कोर्टाचा माणूस म्हणे दहा तारखेला आला काय, घर बंद बघितलं काय, दाराला नोटीस चिकटवून गेला काय!

रस्तारुंदीत आक्कांचं इस्त्रीचं दुकान आणि मागची राहती खोली जाणार होती. त्यावरच्या हरकतीची तारीख त्या नोटिशीत होती. नोटीस कुणी पाहिलीच नाही. सून चौकशीला गेली तेव्हा कळलं, तारीख होऊन गेली. आक्का गैरहजर, म्हणून निकाल एकतर्फी.

"वाऱ्याने उडाली असेल, आई."

"उडायला आधी चिकटावी लागते! अगं, दहाला आपलं दार होतं कुठं?"

सूनबाईने जीभ चावली. दार फुगून लागेना, म्हणून नऊ तारखेपासून बारापर्यंत ते सुताराकडे रंध्याखाली पडलं होतं. चौकटीत जुनी चादर, आणि चादरीमागे आक्का इस्त्री घेऊन राखणीला. चार दिवस उंबरा सोडला नव्हता त्यांनी.

निकाल रद्द करण्याचा अर्ज दिला. पुकारा झाला तशा आक्का पदर सावरून उभ्या राहिल्या. न्यायाधीशसाहेबांनी बेलिफाचा अहवाल वाचला: 'घर बंद. नोटीस दर्शनी दारावर डकवली.'

"साहेब, मला सहीपुरतं लिहिता येतं. पण माझं दार मी ओळखते. ते त्या दिवशी गावाला गेलं होतं."

सुनेने सुताराची चिठ्ठी पुढे केली. दार नेल्याची तारीख, आणल्याची तारीख, खाली सही. सुतार स्वतः मागच्या बाकावर, कानावर पेन्सिल तशीच.

साहेबांनी चष्म्यावरून बेलिफाकडे पाहिलं. "कुठे डकवलीत?"

बेलिफाने घसा खाकरला. "त्या दिवशी अकरा नोटिसा होत्या, साहेब. त्या गल्लीत... जाणं झालं नाही."

एकतर्फी निकाल रद्द झाला. हरकतीला नवी तारीख पडली, आणि तिची नोटीस तिथल्या तिथे आक्कांच्या हाती द्यायचा हुकूम झाला. बेलिफाने खाली मानेने कागद पुढे केला. आक्कांनी तो सुनेकडून अथपासून इतिपर्यंत वाचून घेतला, मग एकेक अक्षर कोरत सही केली.

"बाबा," पेन परत देत त्या म्हणाल्या, "तू लबाड नाहीस, आळशी आहेस. लबाड माणूस निदान दार जागेवर आहे का बघून मग खोटं लिहितो."