आत्याबाईंनी लावलेला दगड

रानडुकराला मारायला फ्रीज लागत नाही. एवढं साधं वाक्य मी ऋतुराजला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, गेल्या श्रावणापासून सांगत होते. त्यावर त्याचं उत्तर एकच, "तुला त्यातलं काय कळतंय?" मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळं डुकरातलं मला कळत नाही हे मान्य. पण नवऱ्यातलं कळतं.

गोष्ट ऋतुराजच्या आत्याची आहे. गोजरबाई त्यांचं नाव. हळद्याचा घाट उतरला की सोयगावच्या अलीकडं एक गाव लागतं, तिथं त्या एकट्या राहतात. त्यांचं शेत अगदी डोंगराला लागून आहे, आणि सलग दोन वर्षं त्यांची उभी मका रानडुकरांनी लोळवली. त्यांचा मुलगा रामेश्वर शहरात, चिकलठाण्याच्या एका कंपनीत आहे. तिकडंच त्यानं फ्लॅट घेतलाय, आणि आईनं शेत सोडून तिथं यावं म्हणून तो सारखा मागं लागलेला असतो. शेवटी या वर्षी आत्याबाईंनी सगळ्यांसमोर शब्द दिला. यंदाची मका घरात आली तर मी इथंच मरेपर्यंत राहीन. नाही आली तर तू म्हणशील तिथं येईन, पुन्हा तोंड उघडणार नाही.

आत्याबाई शब्दाला पक्क्या आहेत, हे आमच्या अख्ख्या खानदानाला माहीत आहे. चिकलठाण्याच्या फ्लॅटला एकदा त्या आठ दिवस राहिल्या होत्या. गॅलरीत उभ्या राहून खालच्या पार्किंगकडं बघत बसायच्या. गावाकडं परतल्या त्या दिवशी आधी शेतात गेल्या, मग घरी. म्हणून त्या मकेवर काय टांगलेलं होतं ते नीट लक्षात घ्या.

ऋतुराजकडं आजोबांची बंदूक आहे, रीतसर परवाना आहे. आजवर त्या बंदुकीनं दसऱ्याची झेंडूची फुलं तेवढी पाहिली. आत्याबाईंनी वनखात्याकडं अर्ज केला, माणसं येऊन नुकसान बघून गेली, डुकरं मारायची परवानगी निघाली. ऋतुराज म्हणाला, आत्या, काळजी करू नको, मी येतो. झालं. इथपर्यंत सगळं सरळ होतं. जीपमध्ये बसायचं, सिल्लोडवरून घाट उतरायचा, शेतातल्या उंच माळ्यावर राखणीला बसायचं, काम करायचं. पण आमच्या घरात सरळ काही होईल तर शपथ.

त्याच्या मित्रानं, सत्यमनं, त्याला मोबाइलवर परदेशातल्या शिकाऱ्यांचे व्हिडिओ दाखवले. बर्फातले डोंगर, जीपच्या मागं चाकांवरचं घर, घरात गरम पाणी. तेव्हापासून ऋतुराजला कॅम्पर ट्रेलरचं वेड लागलं. चिकलठाण्यातल्या एका शेडमध्ये त्याचं काम सुरू झालं. पेरणी झाली, मका गुडघ्याला आली, कणसं धरली, तरी आमचा हा चाकांवरचा डबा तयार होईना. कधी गादीचं कापड आवडेना, कधी एसी बसेना. तिकडं आत्याबाई रोज संध्याकाळी जागलीला जात होत्या. माळ्यावर बसायचं, पत्रा बडवायचा, आणि शेजारच्या रानातून आरोळी आली की आपणही द्यायची. अशा आरोळ्यांनी त्या बाईनं एकटीनं मका राखली होती.

एकदा मी शेडमध्ये गेले होते. ट्रेलरच्या खाली वाकून बघितलं आणि ऋतुराजला विचारलं, याला स्वतःचे ब्रेक आहेत का. तो म्हणाला, जीपला आहेत की. मी म्हटलं, घाट उतरताना एवढं वजन मागून ढकलणार, जीप एकटी किती धरेल? त्यानं सांगितलं की ब्रेकचं सामान पुण्याहून यायचंय, ते नंतर बसवू. फ्रीज मात्र आला होता. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच.

मका काढणीला आठवडा उरला तेव्हा आमची स्वारी निघाली. ऋतुराज, सत्यम, रामेश्वर आणि मी. मी का गेले? मला आत्याबाईंची काळजी होती. सिल्लोडला थांबून यांनी कोंबड्या आणि कोळसा घेतला. मारलेलं डुक्कर वनखात्याच्या हवाली करायचं असतं, त्यामुळं शिकारीनंतर भाजायला काहीतरी हवं ना! सत्यमनं प्रत्येक थांब्यावर डब्याचे फोटो काढले. दुपारीच पोहोचायचं होतं, पण घाटाच्या तोंडाशी आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

पहिली दोन वळणं ठीक गेली. तिसऱ्यावर जळल्याचा वास आला. ऋतुराज ब्रेकवर उभाच होता, तरी मागचा डबा जीपला हलकेच पुढं लोटत होता. वेताळवाडीच्या किल्ल्याजवळच्या वळणावर डबा तिरका झाला, डोंगराच्या बाजूला घासला, त्याचं एक चाक गटारीत गेलं आणि रस्ता अडवून आम्ही थांबलो. गटारीनं वाचवलं. पलीकडं दरी होती.

ऋतुराजला ब्रेकवरून पाय काढता येईना. मी वरच्या वळणावर जाऊन येणाऱ्या गाड्यांना हात दाखवत उभी राहिले, रामेश्वर खालच्या वळणावर. तिथून त्यानं फोन केला. कुणाला? आईला. जागलीची वेळ होत आली होती, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? पण भाचा घाटात अडकलाय म्हटल्यावर कुठली आत्या माळ्यावर बसेल? त्या कडुबांच्या ट्रॅक्टरवर बसून वर आल्या. कडुबा त्यांचे शेजारी, मेंढरं राखत म्हातारे झालेले, आता मुलांच्या जिवावर शेती करतात. मुलगा ट्रॅक्टर चालवत होता आणि हे मागं काठी धरून बसले होते.

आत्याबाई उतरल्या त्याच क्षणी डबा जरासा सरकला. ऋतुराज ओरडला, चाकाला दगड लावा कुणीतरी. कडुबा अजून उतरत होते. आत्याबाईंनी कडेचा मोठा दगड दोन्ही हातांनी उचलला, पोटाशी धरून नेला आणि रस्त्यावरच्या चाकाखाली सारला. पासष्टीची बाई. मग त्या तिथंच बाजूला बसल्या, कारण त्या घाटाची एक रीत आहे. ज्यानं दगड लावला त्यानंच तो काढायचा, आणि तोवर चाक सोडून जायचं नाही. कडुबांच्या भावाचा पाय अशाच एका दगडानं गेला. तो गाडीखाली होता, तिसऱ्याच माणसानं येऊन दगड ढकलला. तेव्हापासून तिकडचं कुणीही दुसऱ्याच्या दगडाला हात लावत नाही. ऋतुराजच्या सगळ्या सुट्ट्या या गावात गेल्या आहेत. ही रीत त्याला पाठ होती.

आता काम सोपं होतं. ट्रॅक्टर वरच्या बाजूला न्यायचा, डब्याला मागून साखळी बांधायची, हळूहळू खाली सोडायचा. ट्रॅक्टर कडेकडेनं वर गेलाही. साखळी मात्र डब्याच्या बाजूच्या पेटीत होती, पेटीला कुलूप होतं आणि किल्ली सत्यमकडं होती. आणि सत्यम कुठं होता? मोबाइलला रेंज मिळतेय का बघतो म्हणून तो किल्ल्यावर गेला होता. सूर्यास्ताचा फार सुंदर फोटो आला, असं त्यानं नंतर आम्हाला सांगितलं.

आम्ही वाट बघत राहिलो. हाका मारल्या, हॉर्न वाजवला. दगडानं कुलूप फोडा, असं मी दोनदा म्हटलं. ऋतुराज म्हणाला, नवीन पेटी आहे, येईलच तो. खाली रानांत अंधार भरायला लागला. एकेका माळ्यावरून आरोळी उठत होती, आणि डोंगराच्या कडेला, जिथं आत्याबाईंचं शेत होतं, तिथून काहीच येत नव्हतं. आत्याबाईंची नजर तिकडंच होती. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, मी दगडाजवळ बसते, तुम्ही जा. कडुबांनी नकारार्थी मान हलवली. मग मी म्हटलं, मी तरी माळ्यावर जाते.

"अंधारात कवा रानात पाय टाकलाय व्हय तू?" आत्याबाई म्हणाल्या. "बस इथं. ज्याचं त्यानं निस्तरायचं असतं."

त्या ऋतुराजबद्दल बोलत होत्या की स्वतःबद्दल, ते मला कळलं नाही. माझा राग मात्र असा उसळला होता की सत्यम खाली आला तेव्हा मी त्याच्या हातातली किल्ली हिसकावून घेतली. साखळी लागली, कडुबांनी ती ओढून पाहिली, मग आत्याबाईंनी दगड काढला आणि रस्त्याबाहेर नेऊन ठेवला. आम्ही गावात पोहोचलो तेव्हा जेवणवेळ टळून गेली होती.

डबा आत्याबाईंच्या घरामागं, शेताच्या बांधावर उभा केला. आत्याबाई बॅटरी घेऊन शेतात गेल्या आणि थोड्या वेळानं परत आल्या. चूल पेटवली, भाकरी थापल्या, सगळ्यांना वाढलं. ऋतुराजनं विचारलं, आत्या, मका कशी आहे? त्या म्हणाल्या, आधी जेव. थकलोय, शिकारीचं उद्या बघू, असं म्हणून दोघे मित्र एसी लावून डब्यात झोपले. डब्याच्या जनरेटरच्या आवाजात त्यांना शेतातलं काय ऐकू येणार! बंदूक डब्यातल्या कपाटात होती, खोळीसकट.

सकाळी मी शेतात गेले. मधला सगळा पट्टा आडवा झालेला. अर्धी खाल्लेली कणसं चिखलात तुडवलेली, ताटं मोडून पसरलेली. कडेच्या चार ओळी तेवढ्या उभ्या होत्या, त्याही चिडवायला ठेवल्यासारख्या. मला रडू आलं ते रागानं. सबंध हंगाम एका बाईनं पत्रा बडवून जे राखलं, ते वाचवायला आलेल्या माणसांनी एका संध्याकाळीत घालवलं होतं. आणि ती बाई हे बघून आली आणि तिनं भाकरी थापल्या. त्याचाही मला राग आला.

रामेश्वर बांधावर उभा होता. फार वाईट झालं, असं तो म्हणाला, पण त्याचे खांदे सैल झाले होते. आईला म्हणाला, "मग, आई? शब्द दिलाय तू."

मला राहवलं नाही. मी सगळ्यांसमोर बोलले. म्हटलं, शब्द डुकरांवर होता. डुकरांनी नाही खाल्ली ही मका, तुम्ही तिघांनी खाल्ली. तू जागलीच्या वेळेला फोन केलास. यानं ब्रेकच्या जागी फ्रीज घेतला. आणि तो किल्ली घेऊन सूर्यास्त बघत बसला. त्या मात्र दगडापासून हलल्या नाहीत. शब्द कुणी मोडला?

सत्यम म्हणाला, वहिनी, इमोशनल होऊ नका. ऋतुराज जमिनीकडं बघत होता. रामेश्वर म्हणाला, नियम म्हणजे नियम, मका घरात आली नाही. आणि सगळे आत्याबाईंकडं बघायला लागले. त्यांनी हो म्हटलं असतं तर मी काय करणार होते? शब्दाला पक्की बाई.

आत्याबाई घरात गेल्या. आता गाठोडं बांधतील असं वाटलं, आणि त्यांनी बांधलंही. गोधडी, तांब्या, औषधाच्या गोळ्या, जागलीचा पत्रा. रामेश्वर पुढं होऊन गाठोडं घ्यायला लागला, तर ते त्यांनी दिलं नाही. गाठोडं घेऊन त्या डब्याच्या पायरीवर चढल्या, आत ठेवलं आणि परत उतरल्या. मग बांधावरचा एक दगड उचलला, कालच्यासारखाच पोटाशी धरून आणला आणि डब्याच्या चाकाखाली सारला. दुसरा आणून दुसऱ्या चाकाखाली. कडुबा काठीवर हनुवटी टेकून बघत होते, बाकी शेजारीही जमले होते.

"माझी जागल ह्या डब्यापायी मोडली," त्या ऋतुराजला म्हणाल्या. "आता ज्वारी पेरायची हाय. ती मी ह्याच्यात बसून राखीन. जो दगड म्या लावलाय, तो म्याच काढीन."

मग रामेश्वरकडं वळल्या. "आन् तू. माझा शब्द तूच फोन करून मोडलास, बाबा. ज्वारी घरात आली की बोलू."

रामेश्वर काहीतरी म्हणणार होता. त्यानं जमलेल्या लोकांकडं पाहिलं आणि मागं सरकला. ऋतुराज पुढं आला, चाकाजवळ उकिडवा बसला आणि त्या दगडाकडं बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं आता हा हसून उडवून लावणार, सत्यमनं त्याला तसं सुचवलंही. पण लहानपणच्या सगळ्या सुट्ट्या त्या घाटाखाली गेलेल्या माणसाचा हात दगडाकडं गेला नाही. तो उठला, डबा जोडलेला जीपचा आकडा सोडवला आणि डब्याची किल्ली आत्याबाईंच्या हातात दिली. म्हणाला, आत्या, बंदूक घेऊन मी दर शनिवारी येईन, एकटा. त्या म्हणाल्या, ये, पण आधी हा फ्रीज बंद कसा करायचा ते सांगून जा, रातभर लई घुरघुर करतो.

परतताना जीप हलकी होती आणि घाट झरझर चढला. वेताळवाडीच्या वळणावर सत्यम म्हणाला, थांबव जरा, काल एक फोटो राहिला. ऋतुराजनं गाडी थांबवली नाही.