वाया जाऊ नये म्हणून

माझ्या सासऱ्यांचं हृदय हैदराबादच्या विद्यानगरात बऱ्यापैकी प्रसिद्ध आहे. त्यांना झटका आला, स्टेंट बसला आणि ते सुखरूप घरी आले, याचा आनंद मला आजही आहे. पण तेव्हापासून अप्पाराव हा माणूस मागे पडला आणि स्टेंट पुढे आला. कुणी ‘कसे आहात’ विचारलं तर ते ‘बरा आहे’ म्हणत नाहीत. कोलेस्टेरॉल सांगतात, त्यातलं चांगलं किती, वाईट किती ते सांगतात, आणि वर समोरच्याचं किती आहे ते विचारतात. समोरच्याला माहीत नसलं तर त्याची काही खैर नाही.

घरात देव्हाऱ्याच्या खालोखाल मान त्या स्टेंटचा. मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा, हात छातीकडे गेला की अख्खं घर उठून उभं राहतं. एकदा ते खिशात चष्मा शोधत होते, तर माझा नवरा विकास अर्ध्या दाढीला साबण तसाच ठेवून धावत आला. मी या घराची सून, शिल्पा. हिमायतनगरला बँकेत नोकरी करते आणि घरी असले की मीही उठते. मग चष्मा सापडतो आणि आम्ही सगळे परत बसतो. सासूबाई तेवढ्या बसत नाहीत, कारण त्या आधीपासूनच उभ्या असतात.

स्टेंटनंतर घरात खाण्याचे कायदे आले. मीठ कमी, तेल कमी, तळण बंद, लोणचं बंद, दूध बिनसायीचं, अंड्याचं फक्त पांढरं. कायदे चांगलेच होते. डॉक्टर पद्मावतींनी ते समजावून सांगितले होते आणि बजावलंही होतं, “पूरा घर ऐसाच खाना, अप्पाराव गारू.” तेलुगूतलं ते आदराचं ‘गारू’ ऐकून मामांनी मान डोलावली होती. पण आमची शेतकऱ्याच्या घरातून शहरात आलेली माणसं, आमच्यात अन्न टाकत नाहीत. मग पांढरं मामांनी खाल्लं की पिवळं कुठे जाणार? साय कुठे जाणार? लोणच्याची भरलेली बरणी कुठे जाणार? गौलीगुड्याचे पाहुणे तब्येत विचारायला येताना बिस्किटं, खोबऱ्याच्या वड्या, शेवेचे पुडे घेऊन यायचे. मामा दोन्ही हात जोडून म्हणायचे, “नक्को नक्को, मला बंद आहे.” मग ते सगळं सासूबाईंच्या पुढ्यात. वाया जाऊ नये म्हणून. मामांच्या रक्तात जे जाऊ नये म्हणून आम्ही डोळ्यांत तेल घालून पहारा करत होतो, ते रीतसर सासूबाईंच्या रक्तात जात होतं.

मी बोलून पाहिलं. “आत्याबाई, हे तुम्हालाही बरं नाही.”

“मला काय होतंय ग!” त्या म्हणायच्या.

“तिला काय होतंय!” मामा अभिमानानं म्हणायचे. “दगड पचवंल ती.”

मामांच्या प्रत्येक तपासणीला त्या सोबत जायच्या. फाइल, पाण्याची बाटली, एसी लागला तर शाल, सगळं मांडीवर घेऊन बसायच्या. रक्तदाबाच्या पट्ट्यात त्यांचा स्वतःचा हात मात्र कधी गेला नाही. तसं कुणाच्या मनातच आलं नाही.

या हिवाळ्यात कपडे वाळत घालायला गच्चीवर जाताना त्या मधल्या पायरीवर बसायला लागल्या. आमच्याकडे निदानाला तोटा नाही. विकास म्हणाला वजन, मामा म्हणाले गुडघे, शेजारच्या सुजाताकाकू म्हणाल्या वात. मी म्हटलं, दाखवून येऊ. त्या म्हणाल्या, मंडळाचा कार्यक्रम होऊ दे.

आता हा कार्यक्रम. मराठी मंडळानं ‘आपलं हृदय, आपल्या हाती’ असं व्याख्यान ठेवलं होतं आणि वक्ते होते अप्पाराव. कुणीतरी डॉक्टरांना बोलवू या म्हणालं, तर मामा म्हणाले, “डॉक्टरांनी वाचलंय, मी भोगलंय.” व्याख्यानानंतर अल्पोपाहार, त्यात मिरचीची भजी. चिंच-तिळाचं सारण भरलेली, आपली हैदराबादी. मी चिटणीस नामदेवरावांना विचारलं, सोबत माणशी एक स्टेंटही वाटणार का? ते अजिबात हसले नाहीत. “वहिनी, भजी नसली तर ऐकायला कोण येतंय?” म्हणाले. त्यांचंही बरोबरच होतं. आणि भजी तळावीत ती तारामतीबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, हेही ठरलेलंच.

हॉलच्या मागे छोटं स्वयंपाकघर आहे. सासूबाई कढईपुढे उभ्या होत्या, मी ताटल्या भरत होते. भिंतीवरच्या स्पीकरमधून मामांचा आवाज येत होता. छाती कशी आवळते, दुखणं डाव्या हातात कसं उतरतं, मामा अगदी रंगात आले होते. मी पाहिलं तर सासूबाईंच्या एका हातात झारा होता आणि दुसऱ्या हातानं त्या जबडा चोळत होत्या.

“काय होतंय आत्याबाई?”

“दाढ ठणकायली बघ. अन् पाठीत भरून आलंय. गॅस असंल.”

“केवढा घाम आलाय तुम्हाला!”

“कढईपुढं उभी हाय, थंडी वाजंल का?”

सुजाताकाकू मदतीला आल्या होत्या. त्यांनी सासूबाईंच्या तळहातावर चिमूटभर ओवा ठेवला. सासूबाईंनी तो चावला आणि लगेच बेसिनकडे धावल्या. उलटी झाली, चूळ भरली, आणि पदरानं तोंड पुसत परत कढईपुढे हजर. तेवढ्यात मामांनी नवा मुद्दा घेतला.

“आणि भगिनींनो, तुमचं जरा वेगळं असतं. तुमच्या छातीत दुखेलच असं नाही. जबडा दुखतो, पाठ दुखते, मळमळतं, घाम फुटतो, चार पायऱ्यांत दम लागतो. अन् तुम्ही म्हणता गॅस झालाय! तो गॅस नसतो, ध्यानात ठेवा.”

“अहो, हे तर आमचं रोजचंच!” हॉलमधून कुणी बाई ओरडली आणि हशा पिकला.

सासूबाईंनीही ऐकलं. चेहरा पांढरा पडलेला, घाम गळ्यापर्यंत आलेला, आणि त्या स्पीकरकडे बघून कौतुकानं म्हणाल्या, “किती छान बोलायलेत बघ.”

मी गॅस बंद केला, त्यांना खुर्चीत बसवलं आणि १०८ ला फोन लावला. पत्ता सांगताना विद्यानगरसुद्धा धड उच्चारता येईना. नामदेवराव दारात येऊन म्हणाले, “वहिनी, व्याख्यान संपत आलंय, भजी?” मी झारा त्यांच्या हातात दिला आणि सरळ व्यासपीठावर गेले.

“मामा, चला. आत्याबाईंना बरं नाही.”

त्यांनी माइकवर हात ठेवला, पण तो माइक काही त्यानं बंद होणारा नव्हता. अख्ख्या हॉलनं ऐकलं. “आत्ता? प्रश्नोत्तरं राहिलीत अजून. ॲसिडिटी असंल तिची. मी ओळखतो तिला.”

“मग त्यांचा जबडा का दुखतोय?” मी म्हटलं. “पाठ का भरलीय? उलटी का झाली? आत्ता तुम्हीच सांगत होतात ना, ती बाई आत बसलीय.”

मामा धोतर सावरत पायऱ्या उतरले आणि पळत सुटले. स्टेंट बसल्यापासून त्यांना पळताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

१०८ वरच्या माणसानं फोनवरच दोनतीन प्रश्न विचारले होते आणि ॲस्पिरिनची गोळी चावून खायला द्या म्हणून सांगितलं होतं. ती मामांच्या खिशात कायम असते. पण मामांना तिचं वेष्टण फाडता येईना. ते काम नेहमी सासूबाई करायच्या. या वेळीही त्यांनीच हात पुढे केला, तेव्हा मी गोळी ओढून घेतली आणि फाडून दिली.

दवाखान्यात डॉक्टर पद्मावती धावतच आल्या. ईसीजीचा कागद बघता बघता विचारू लागल्या.

“अम्मा का बीपी कितना रहता?”

मामा खिसे चाचपू लागले.

“शुगर? कौनसी गोली चालू है?”

मामांनी विकासकडे पाहिलं, विकासनं माझ्याकडे पाहिलं. स्वतःचे आकडे दशांश चिन्हासकट सांगणारा माणूस, बायकोचा एकही आकडा त्याला ठाऊक नव्हता.

“इनको कुछ नहीं होता, मॅडम,” मामा सवयीनं म्हणाले, आणि तिथेच उभ्या उभ्या रडायला लागले.

डॉक्टरीणबाई कडू हसल्या. “आपका तो मेरे को जबानी याद है, अप्पाराव गारू. हर बार ये आपके बाजू में बैठती थी. एक बार मेरे सामने बिठाते, तो ये दिन नहीं आता था.”

सासूबाई वाचल्या. वेळेवर आणलं म्हणून वाचल्या. त्यांनाही स्टेंट बसला. साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला, दोन्ही कधीपासून ते त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं. त्या घरी आल्यावर गौलीगुड्याचे पाहुणे आले आणि मामांचा हात हातात घेऊन म्हणाले, “अप्पाराव, तुम्ही जपा हां. तुम्हाला टेन्शन चालत नाही.” येताना खोबऱ्याच्या वड्या आणल्या होत्या. मी त्या त्यांच्याच पिशवीत परत घातल्या. त्यांना राग आला. येऊ दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला अंडी उकडली. आता पांढरं खाणारी माणसं दोन झाली होती आणि बशीत पिवळ्याचा ढीग उरला होता. सासूबाईंनी तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मोठ्या मायेनं बशी माझ्यापुढे सरकवली.

“तू खाऊन टाक ग शिल्पा. वाया नको जायला. तुला काय होतंय!”

विकासनं मान डोलावली.

मी बशी उचलली आणि सगळं कचऱ्याच्या डब्यात ओतलं. या घरात असं कुणी कधी केलं नसेल.

“अग बाई!” सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा हात छातीवर गेला.

खुर्च्या करकरल्या. विकास उठला, मी बशी टाकून वळले, आणि मामा सगळ्यांच्या आधी उभे राहिले होते. त्यांचा चहा टेबलभर सांडला होता.

सासूबाई आमच्याकडे बघतच राहिल्या. त्यांच्यासाठी हे घर असं कधी उठलं नव्हतं.

“काही नाही रे, बसा,” त्या म्हणाल्या. “एवढं अन्न टाकलं म्हणून जीव हळहळला.”

आम्ही दोघं बसलो. मामा आत गेले, रक्तदाबाचं मशीन घेऊन आले, आणि सासूबाईंपुढे खाली बसून म्हणाले, “हात दे.”