अस्वलाने बोलायचे नाही

मी एक जुना पोशाख आहे. पांढऱ्या अस्वलाचा. मित्रांनो, हसू नका. तुमच्यापैकी बरेच जण मला चांगले ओळखतात आणि काहींच्या बुटांचे ठसे मी अजून अंगावर मिरवतो आहे.

माझा जन्म एका आइस्क्रीम कंपनीच्या कारखान्यात झाला. आत जाड स्पंज, वर पांढरी लव, मोठमोठे पंजे आणि टोपल्याएवढे डोके. तोंडावर असे हसू शिवले आहे की समोर कुणी मेले तरी ते हलायचे नाही. माझ्यासारखीच पुष्कळ भावंडे माझ्याबरोबर तयार झाली. कंपनीच्या नावाने जो कोणी दुकान काढेल, त्याच्याकडे एक अस्वल जायचे. याला फ्रँचायझी म्हणतात. म्हणजे दुकान तुमचे, पण नाव कंपनीचे, आइस्क्रीम कंपनीचे आणि भिंतीला कुठला रंग द्यायचा तेही कंपनीच सांगणार. ज्याला धंद्यातले ओ की ठो कळत नाही, त्याला हा प्रकार फार आवडतो.

माझ्या वाट्याला असाच एक आला. पंपांच्या कारखान्यात तो स्टोअरकीपर होता. चिठ्ठी नसेल तर त्याने खुद्द मोठ्या साहेबालाही एक वायसर दिला नसता. "नियम म्हणजे नियम," हे त्याचे पालुपद. असली माणसे निवृत्त होईपर्यंत सुखाने नोकरी करतात. पण याला एक लेक होती, चौथीतली. शाळेत बाईंनी एकदा सगळ्यांना विचारले, वडील काय करतात? ही म्हणाली, "माझे बाबा नट-बोल्ट मोजतात." सगळा वर्ग खो खो हसला. घरी येऊन ती भरल्या ताटावरून उठली आणि चार दिवस बापाशी बोलली नाही. झाले, गडी पेटला. नोकरी सोडली, फंड काढला आणि भेटेल त्याला सांगत सुटला, "आता मी मालक होणार." हे सगळे मला त्याच्या बायकोच्या तोंडून कळले. ती गल्ल्यावर बसायची आणि येईल त्या गिऱ्हाइकापाशी मन मोकळे करायची. मित्रांनो, त्याला आइस्क्रीम विकायचे नव्हते. त्याला फक्त लेकीच्या वर्गात मालक म्हणवून घ्यायचे होते.

कंपनीचा जो माणूस सगळ्या नव्या मालकांना शिकवायला यायचा, तो तोंडात साखर घोळवून बोलायचा. बायको त्याला साखरसाहेबच म्हणे. त्याने सगळ्यांना नियम वाचून दाखवले. दर रविवारी संध्याकाळी दुकानापुढे अस्वल नाचलेच पाहिजे. अस्वलाने बोलायचे नाही. लोकांसमोर डोके काढायचे नाही. अस्वल बोलले की पोरांचा विश्वास उडतो आणि पोरांचा विश्वास उडाला की धंदा बसतो. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि जिना उतरेपर्यंत ते विसरूनही गेले. माझ्या भावंडांना त्यांनी माळ्यावर फेकले. एकाच्या पोटातला स्पंज काढून कुणीतरी बाकाची गादी केली. कंपनीने कुणाला जाब विचारला नाही.

आमचा शहाणा मात्र नियम सोडेल तर शपथ. आधी त्याने एक माणूस नाचायला ठेवला. तो दोनच रविवार टिकला, कारण माझ्यात माणूस शिजून निघतो. मग स्वारी स्वतःच आत शिरली.

"अहो, तुम्ही मालक ना? मग अस्वल कशाला होताय?" बायको म्हणाली. "टाका ते कपाटात."

"नियम आहे अगं."

"बघायला येतंय कोण?"

"कुणी येवो न येवो. नियम आहे."

मला मनापासून हसू आले. तो रविवारी संध्याकाळी नाचायचा, रस्त्यावरचे लोक बघायचे, फुकटचा चमचाभर नमुना चाखायचे आणि पुढे जायचे. दुकानात माश्यासुद्धा फिरकत नव्हत्या. लेकीने तर त्याला बजावूनच ठेवले होते, "बाबा, आत तुम्ही असता हे कुणालाही कळता कामा नये." त्याने तसे वचन दिले. बिचाऱ्याला पाळायला आणखी एक नियम मिळाला.

लेकीचा वाढदिवस नेमका रविवारी आला. त्याने तिच्या सगळ्या वर्गाला दुकानात बोलावले. पोरे आली, आइस्क्रीम चापले आणि मग चौकश्या सुरू झाल्या.

"तुझे बाबा कुठे गं?"

"बाहेरगावी गेलेत. दुसरं दुकान काढायचंय ना!"

"मग हा अस्वलातला कोण?"

"तो? नोकर आहे आमचा."

तो तिच्यापासून हातभर अंतरावर नाचत होता. त्याला हे ऐकू गेले. तसा तो माझ्या आत जरासा वाढल्यासारखा झाला. नोकर म्हटले म्हणजे आपण मालक झालो, असे त्या वेड्याला वाटले असेल.

एका जाडजूड पोराने माझ्या पोटात बुक्की मारली. स्पंजाचा आवाज आला, धप्प. पोरे खिदळली. "अरे, याला लागतच नाही!" मग सगळेच सुटले. आता एक गोष्ट सांगतो. माझ्या नडगीपाशी स्पंज नाही. हे मला ठाऊक होते, त्याला ठाऊक होते आणि पोरांच्याही लगेच लक्षात आले, कारण तिथे लाथ बसली की अस्वल उडी मारायचे. बायको गल्ल्यावरून धावली, "अरे, अरे, काय करताय!" त्याने पंजा हलवून तिला मागे सारले. ती पुढे काही बोलली असती तर लेकीचे खोटे उघडे पडले असते.

"तू पण मार ना," पोरे लेकीला म्हणाली. "तुझाच तर नोकर आहे!"

सगळे तिच्याकडे बघू लागले. ती दोन पावले मागे सरली. मला वाटले, आता ही आत पळणार आणि रडणार. पण ती धाव घ्यायला मागे सरली होती. तिची लाथ बरोबर नडगीवर बसली. बाप उडाला, खाली आला, एका पायावर जरा डगमगला, आणि मित्रांनो, पुन्हा नाचू लागला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

पोरे घरी गेल्यावर मागच्या खोलीत त्याने माझे डोके काढले. बायको ओल्या फडक्याने त्याचे तोंड पुसत होती.

"कसा झाला गं वाढदिवस?" त्याने लेकीला विचारले.

"छान." मग जरा थांबून ती म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी थोडं लांब उभे राहा. वास येतो."

"बरं," तो म्हणाला.

ती रडली असती, तर ही गोष्ट मी तुम्हाला सांगितलीच नसती.

कुणाच्या तरी आईने तो सगळा तमाशा मोबाइलवर टिपला होता. तो गावभर फिरला आणि पुढच्या रविवारी दुकानापुढे ही गर्दी! साखरसाहेबांचा फोन आला. "अहो, ते अस्वल तुम्ही अजून वापरता? बाकी कुणीच वापरत नाही हो! पण चालू द्या, चालू द्या. एक आइस्क्रीम घेतलं की एक लाथ फुकट, अशी पाटी लावून टाका." कंपनीने सांगितले म्हणजे नियमच झाला. त्याने पाटी लावली आणि नडग्यांना पुठ्ठे बांधले.

दुकान धो धो चालू लागले. सकाळी त्याला लोक शेठ म्हणून हाक मारतात. लेकीच्या वर्गात आता कुणी हसत नाही. त्याला हवे होते ते सगळे मिळाले, तरी रविवारी तो माझ्या आत रडतो. आधीच मी घामाने कुजत चाललो आहे, त्यात ही भर!

आता माझी लव झडली आहे आणि एक कान लोंबतो आहे. जुन्या वस्तूंनी शेवटी सांगायचे असते, मुलांनो, आम्हाला जपा. मी ते सांगणार नाही. मला खुशाल फाडा, मी स्पंज आहे. पण पाय उचलण्याआधी एकदा आठवून बघा, या वेळी आपले बाबा कुठे आहेत? आठवत नसेल तर रांगेतून बाहेर पडा आणि घरी जा. एवढे केलेत तरी मला पुरे आहे.

नाहीतरी तुमचा नंबर उशिराच लागतो. पहिली लाथ मारण्याचा मान मालकाच्या लेकीचा.