टेगवेनची बत्तीशी

टेगवेनचे दात असे, की तिनं अक्रोड फोडला तर शेजारची मांजर झोपेतून उठून पळायची. एकदा खाणीतून वर येणारा पाळणा अडकला, तर म्हणे हिनं दोर दातात धरून चौदा माणसं वर ओढली. बरं, बारा असतील. पण ओढली.

आता, वेल्सच्या त्या दरीत मुलीचं लग्न ठरलं, की बाप तिला मोठ्यात मोठा आहेर द्यायचा तो बत्तीशी काढून घेण्याचा. खाणवाल्यांच्या पगारातून दर आठवड्याला पैसे कापायचे, त्यात डॉक्टर भागायचा, दातवाला नाही. त्याला रोख मोजावे लागायचे. म्हणून चांगले-किडके सगळे एकदाच उपटायचे आणि कवळी बसवायची. मग जन्मभर नवऱ्याच्या खिशाला तोशीस नाही.

टेगवेनच्या बापानं त्यासाठी घरातलं हार्मोनियम विकलं नि गल्लीभर सांगत सुटला. आई असती तर काही बोलली असती. शेजारणी आल्या, कवळ्या काढून बोळकी दाखवून हसल्या. आठ दिवस रश्श्यात भिजवलेला पाव खा, मग राणीसारखी राहशील, म्हणाल्या. टेगवेनही हसली. तिला काय हवंय, ते कुणी विचारलं नाही.

दातवाल्यानं आरसा घालून तोंडभर पाहिलं.

"एकही किडका नाही गं पोरी. सगळेच काढू?"

टेगवेन खुर्चीतून उठली नि तडक इडवलच्या घरी गेली. नवरदेव परसात बटाटे खणत होता, त्याची आई धुणं पिळत होती.

"उद्या माझी दाढ दुखली, तर पैसे भरशील?"

इडवलनं आईकडं पाहिलं.

"दातांसकट सून म्हणजे गळक्या छपरासकट घर, बाई," आई म्हणाली.

इडवल हसला. हसायला नको होतं हे त्याला कळलं, पण तोवर हसून झालं होतं. टेगवेननं अंगठी काढून कुंपणाच्या खांबावर ठेवली.

बाप रागावला नाही. हार्मोनियमच्या रिकाम्या जागेकडं तोंड करून जेवायचा, एवढंच. पुढं तोही गेला.

मग सरकारनं औषधपाणी, दात, चष्मे सगळं फुकट केलं. दरीतल्या सगळ्या जुन्या कवळ्या बदलल्या. रविवारी प्रार्थनेत गाणं सुरू झालं, की नव्या कवळ्यांचा असा खटखटाट, की ताल धरणाऱ्यानं छडी खाली ठेवली. बायका एकमेकींच्या कवळ्या घालून बघायच्या नि हसून लोळायच्या. टेगवेन मागच्या बाकावर तोंड मिटून बसायची.

"तुझं काय बाई, तुला काहीच नको," एकजण म्हणाली, आणि दुसरीकडं वळली.

घरी येऊन टेगवेननं एकटीपुरतं मटण शिजवलं. हाडाजवळचं, चिवट. सावकाश चावून खाल्लं. रविवारची दुपार फार मोठी असते.